‘एक सूत’चा घोळ : पेंटबॉल मार्करच्या हवेच्या नळीचे एक प्रकरण

काटोल-वरुडच्या संत्रापट्ट्यातील एका शेतकऱ्याने डिंक्या रोगाने वाळलेली दोन एकरांची जुनी बाग काढून टाकली आणि त्या जागेवर नवी कलमे लावण्याऐवजी कृषी पर्यटनासाठी पेंटबॉलचे मैदान तयार केले. आडोशासाठी कुटाराने भरलेली पोती, जुने ड्रम आणि ट्रॅक्टरचे टायर होते, चारही बाजूंना जाळी होती आणि सहा मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारणाऱ्या हवेच्या बंदुका, दुसऱ्या एका बंद पडलेल्या मैदानाकडून जुन्या भावात आणलेले होते. त्यांपैकी चार चालू होते. उरलेल्या दोहोंपैकी एकाची हवेची पोलादी जाळीची नळी टोकाशी गळत होती, आणि ती बदलण्याच्या कामातून हे प्रकरण उभे राहिले. मी तालुक्याच्या गावी फिटर ट्रेड शिकवतो. मालक माझ्या परिचयाचे असल्यामुळे या कामात माझा सल्ला घेतला गेला आणि चुकीचा पहिला शब्दही माझ्याच तोंडून गेला, म्हणून हे टिपण मीच लिहिणे योग्य वाटले.

बंदुकीसारख्या दिसणाऱ्या या साधनाला ‘मार्कर’ म्हणतात, कारण त्याचा जन्म खेळात झालेला नाही. अमेरिकेत वनकर्मचाऱ्यांनी तोडायच्या झाडांवर आणि गुरे राखणाऱ्यांनी कळपातल्या जनावरांवर दुरून रंगाची खूण करावी यासाठी ते बनवले गेले, आणि १९८१ साली न्यू हॅम्पशायरमधील काही जणांनी तेच साधन एकमेकांवर चालवून पहिला खेळ खेळला. मेळघाटात झाडावर घणाचा शिक्का मारण्यासाठी वनरक्षकाला खोडापर्यंत चालत जावे लागते, हे पाहिलेल्या माणसाला त्या साधनाची मूळ गरज लगेच कळेल. आजच्या मार्करमधून ०.६८ इंच व्यासाची, सुमारे तीन ग्रॅम वजनाची रंगाची गोळी दाबाच्या हवेने फेकली जाते. मैदानावर वेगाची सर्वमान्य वरची मर्यादा ३०० फूट प्रति सेकंद आहे आणि बहुतेक मैदाने त्याखालीच राहतात.

हवेचा मार्ग समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. बाटलीत हवा ३,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड), म्हणजे सुमारे २०७ बार दाबाने भरलेली असते. बाटलीच्या तोंडावर घट्ट बसवलेला रेग्युलेटर तो दाब उतरवून सुमारे ८५० पीएसआयवर, म्हणजे ५८ ते ५९ बारवर आणतो. बाटली मार्करच्या मुठीखाली ज्या बुडात आट्यांनी फिरवून बसवतात, त्याला खेळणारे एएसए म्हणतात. त्या बुडातून एक नळी वर निघते आणि मार्करच्या पुढच्या भागातील अॅडॉप्टरमध्ये शिरते, आणि तेथून हवा व्हॉल्वपर्यंत जाते. बुडापासून अॅडॉप्टरपर्यंतचा हा वीतभर तुकडा सोडला, तर बाकी सारे धातूच्या आत बंद असते. आपल्या प्रकरणात नेमका हा वीतभर तुकडाच बदलायचा होता.

मालकांनी ऑनलाइन एक संच मागवला. त्यात चालू-बंद करण्याच्या गोल खुंटीसह नवे बूड, पितळेचे दोन एल्बो, म्हणजे काटकोनात वळलेले जोडतुकडे, आणि फूटभर जाड नायलॉनची नळी होती. नळी एल्बोत नुसती दाबली की आतली दातेरी कडी तिला पकडते, म्हणून पान्ह्याशिवाय ती काढता-घालता येते, आणि खेळाडूंना ही सोय आवडते. काम त्यांच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे गेले. हा मिस्त्री परिसरातील संत्रा बागायतदारांचे फवारणीचे एचटीपी पंप दुरुस्त करतो, त्याचा हात चांगला आहे आणि दाबाच्या कामाची त्याला भीतीही आहे. भीती असणे हा मी गुण समजतो. त्याने बूड नीट बसवले. वरचा एल्बो बसवताना मात्र त्याच्याकडे लहान पान्हा नसल्याने बारा इंची स्क्रू पान्ह्याने फिरवला आणि पितळेचा एल्बो मानेतून मोडला. आटे सुदैवाने पूर्ण बाहेर आले.

मग त्याने मला फोन केला. “सर, एल्बो मोडला न. बजारात भेटन काय असा? काय मागू?”

मी तेव्हा वर्गावर होतो आणि घाईत म्हणालो, “एक सूत आट्याचा, दोन सूत पाइपचा, पुश टाइप एल्बो माग.”

“बरं सर, आनतो मंग.”

हे बोलणे अर्ध्या मिनिटाचे होते. आपल्याकडे कारखान्यात इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात, हे कोणत्याही फिटरला माहीत आहे. एक सूत म्हणजे १/८ इंच, दोन सूत म्हणजे पाव इंच. माझे वाक्य त्या अर्थाने खोटे नव्हते. दुकानदाराने दिलेला मालही त्या अर्थाने खोटा नव्हता. तरीही जे हातात आले ते या कामाचे नव्हते.

पुढचा घटनाक्रम मिस्त्री, मालक आणि तेथे उभी असलेली मुले यांच्याकडून मी वेगवेगळा ऐकला आणि तो जुळला. नवा एल्बो मार्करच्या अॅडॉप्टरमध्ये हाताने सहज शिरला, दोन-तीन फेऱ्यांनंतर घट्ट झाला आणि पुढे पान्ह्याने अर्धी फेरी ओढून घेतला गेला. नायलॉनची नळी मात्र एल्बोत शिरेना. मिस्त्रीने तिचे टोक पॉलिश पेपरने घासून बारीक केले, मग ती शिरली आणि ओढून पाहिली तर निघेना. बाटली लावून खुंटी उघडल्यावर आट्यांतून फुसफुस ऐकू आली, म्हणून हवा बंद करून एल्बो काढला, टेफलॉन टेपचे सात-आठ वेढे मारले आणि पुन्हा बसवला. या वेळी आवाज आला नाही. मार्कर शेडबाहेरच्या सिमेंटच्या ओट्यावर उन्हात ठेवला गेला. वीसेक मिनिटांनी मिस्त्री तो उचलून घेत असताना नळी एल्बोतून सुटली, सापासारखी उलटली आणि त्याच्या डाव्या हाताच्या पोटरीवर बसली. त्याने दुसऱ्या हाताने खुंटी फिरवून हवा तोडली. जुन्या बुडाला अशी खुंटी नव्हती. ती नसती तर बाटली रिकामी होईपर्यंत नळी फटके मारत राहिली असती किंवा दाबाखालची बाटलीच फिरवून काढावी लागली असती. हातावर चार बोटे लांब लाल वळ उठला होता. मुले पाच-सहा फुटांवर होती.

संध्याकाळी मी गेलो तेव्हा सारे ओट्यावर वर्तमानपत्रावर मांडून ठेवलेले होते. मिस्त्रीने काही लपवले नव्हते आणि तुटके तुकडेही फेकले नव्हते. नळीचे घासलेले टोक भिंगाखाली पाहिले तेव्हा त्यावर दातेरी कडीचे चार ओरखडे दिसले. ते सरळ रेषेत टोकाकडे ओढत गेलेले होते आणि शेवटच्या दीड मिलिमीटरमध्ये नायलॉनची साल निघून पिळासारखी वर आली होती. म्हणजे कडीने पकड घेतली होती, पण जिथे पकड घ्यायची तिथे कागदाने घासल्यामुळे नळी टोकाकडे निमुळती झाली होती. निमुळत्या वस्तूला बाहेरून आवळले तर ती निसटते. आंब्याची ओली कोय बोटांत दाबून उडवण्याचा खेळ प्रत्येकाने खेळलेला असतो.

आता आट्यांकडे वळू. एका इंचात किती आटे बसतात ते ताडून पाहण्याच्या पीच गेजची दोन्ही पाती मी नेली होती. मोडलेल्या मूळ एल्बोवर २७चे पाते चपखल बसले. दुकानातून आणलेल्या एल्बोवर २८चे बसले. मूळ एल्बो अमेरिकी एनपीटी मापाचा होता, ज्यात १/८ आकाराला एका इंचात २७ आटे असतात आणि आट्याचा कोन ६० अंशांचा असतो. दुकानातला एल्बो ब्रिटिश बीएसपी मापाचा होता, ज्यात त्याच १/८ आकाराला २८ आटे आणि ५५ अंशांचा कोन असतो. आपल्या बाजारात नळकामाचे आणि हवेचे फिटिंग सर्रास बीएसपीच येते, त्यामुळे दुकानदाराने दुसरे काही देण्याचे कारणच नव्हते. यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. १/८ हे दोन्ही मापांत नुसते नाव आहे. बीएसपीच्या नराचा, म्हणजे बाहेरून आटे असलेल्या टोकाचा, बाहेरचा व्यास सुमारे ९.७ मिलिमीटर असतो आणि एनपीटीचा सुमारे १०.३. म्हणून बीएसपीचा नर एनपीटीच्या मादीत, म्हणजे आतून आटे असलेल्या भोकात, हाताने सहज शिरतो. दर आट्याला पीचचा, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतराचा, ०.०३ मिलिमीटरचा फरक साठत जातो आणि काही आट्यांनंतर तो नर अडतो. हाताला हे अडणे अगदी घट्ट बसल्यासारखेच लागते. मिस्त्री म्हणाला, “सर, हातानंच दोन आटे गेला, मंग जाम झाला. मले वाटलं बसला.” त्याचे वाटणे गैर नव्हते. निमुळत्या आट्यांचा एल्बो बरोबर बसतो तेव्हाही असेच वाटते. फरक एवढाच की एकात आटे एकमेकांच्या कुशीत बसलेले असतात आणि दुसऱ्यात दोन-तीन ठिकाणी एकमेकांवर चढलेले.

चढलेले आटे आणि पान्ह्याची अर्धी फेरी यांचा परिणाम अॅडॉप्टरवर झाला होता. अॅडॉप्टर अॅल्युमिनियमचा आणि एल्बो निकेल चढवलेल्या पितळेचा, तेव्हा मऊ धातूने माघार घेतली. तोंडाचे पहिले दोन आटे फाटून चकचकीत झाले होते आणि टेपमध्ये अॅल्युमिनियमचा चुरा अडकलेला होता. टेपच्या सात-आठ वेढ्यांनी गळतीचा आवाज थांबवला होता, आट्यांची पकड वाढवली नव्हती. माझ्या मते या प्रकरणात सर्वांत जास्त फसवणूक नळीने नाही, या टेपने केली, कारण पहिल्या फुसफुशीने दिलेली सूचना तिने झाकून टाकली.

नळीच्या बाजूचा घोळ आट्यांपेक्षा सोपा आहे. संचातली नळी पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची होती. दुकानातला एल्बो ६ मिलिमीटरच्या नळीचा होता. दुकानात ‘दोन सूत म्हणजे सहा एमएम’ असे धरून चालतात आणि गॅरेजच्या कामात ते चालूनही जाते. येथे ०.३५ मिलिमीटरच्या फरकापायी नळी घासावी लागली आणि घासल्यामुळे ती सुटली.

तिसरा प्रश्न दाबाचा होता, आणि माप बरोबर असते तरी या एका कारणाने तो एल्बो टाकून द्यावा लागला असता. मिस्त्री दाब ‘किलो’त मोजतो, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर किती किलो भार. त्याच भाषेत मी त्याच्याशी बोललो. मोटारसायकलच्या चाकात दोन किलो, ट्रकच्या चाकात सुमारे आठ, गॅरेजच्या कॉम्प्रेसरला आठ ते दहा, बागेत चालणाऱ्या एचटीपीला वीस-तीस किलो. मार्करच्या नळीत रेग्युलेटरने उतरवलेला दाबसुद्धा साठ किलो असतो. दुकानातल्या एल्बोच्या पाकिटावर १० बार, म्हणजे जवळपास दहा किलोच, असे छापलेले होते. मी जमिनीवर काडीने हिशेब मांडला. ६ मिलिमीटर व्यासाच्या नळीला दहा किलो दाबाची हवा बाहेर ढकलते तेव्हा तो जोर तीन किलोपेक्षाही कमी असतो. ८५० पीएसआयला तोच जोर सतरा किलोच्या घरात जातो. म्हणजे जी कडी तीन किलोंच्या आतला ताण सांभाळायला बनवली होती, तिला पोत्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे वजन टांगले गेले. मिस्त्री बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “एचटीपीच्या नयीले मी असा एल्बो लावलाच नसता.” हे अगदी खरे होते. पंपाच्या बाबतीत त्याला दाब आकड्यात माहीत असतो. येथे वस्तू खेळण्यासारखी दिसत होती आणि आकडा कोणी सांगितला नव्हता. मीही नाही.

उन्हाचाही त्यात वाटा होता. नायलॉन तापले की मऊ पडते आणि त्याची दाब सहन करण्याची ताकद उतरते. वैदर्भीय उन्हात सिमेंटच्या ओट्यावर ठेवलेली काळी नळी हाताला चटका देते. घासलेले टोक सावलीत कदाचित दिवसभर टिकले असते आणि संध्याकाळी एखाद्या पाहुण्याच्या तोंडाजवळ सुटले असते. ते ओट्यावर सुटले हे, वळ सोसून का होईना, बरे झाले असे मिस्त्री स्वतःच म्हणाला.

आता त्या भागाकडे येतो जो मला सर्वांत शिकवणारा वाटला. दुसऱ्या चालू मार्करचे अॅडॉप्टर आणि पोलादी नळी तात्पुरती या मार्करला लावून आम्ही तो तपासला, तर आता गळती नळीत नव्हती आणि हवा नळकांड्याच्या, म्हणजे बॅरलच्या तोंडातून हळूहळू सुटत होती. मिस्त्रीचा निष्कर्ष असा की झटक्याने व्हॉल्व फुटला. मालकांनी लगेच नव्या व्हॉल्वची किंमत पाहायला मोबाइल काढला. मला ते पटेना, कारण हवा सुटण्याच्या झटक्याने व्हॉल्वला काही व्हावे असे त्यात काही नव्हते. हवा तर त्याच्या आधीच्या सांध्यातून बाहेर गेली होती. आम्ही बाटली काढली, उरलेली हवा मोकळ्या दिशेला ट्रिगर दाबून संपवली आणि मार्कर खोलला. व्हॉल्वच्या आत जी रबरी टोपी बैठकीवर बसून हवा अडवते, तिच्या कडेखाली एक पांढरा धागा आडवा पडला होता. नखाच्या पेरापेक्षा लहान, केसाहून थोडा जाड. तो टेफलॉन टेपचा तुकडा होता. टेप मारताना तो आट्यांच्या तोंडापर्यंत गुंडाळला गेला, एल्बो फिरताना कापला गेला आणि हवेबरोबर आत वाहून व्हॉल्वमध्ये अडकला. चिमट्याने तो काढला, बैठक मऊ कापडाने पुसली, पुन्हा जुळवले आणि गळती थांबली. नव्या व्हॉल्वचे पैसे वाचले. मालकांनी तो धागा बराच वेळ तळहातावर ठेवून पाहिला.

पाण्याच्या नळात टेपने काही बिघडत नाही, कारण सुटलेला धागा तोटीतून बाहेर पडतो. मार्करमध्ये त्याला जायला जागाच नसते. म्हणून हवेच्या आट्यांवर टेपऐवजी निळ्या रंगाचे मध्यम ताकदीचे थ्रेड सीलंट लावावे, आणि तेही नराच्या पहिल्या दोन आट्यांना न लावता मागच्या तीन-चार आट्यांना थोडेसेच. ते हवेत सुकत नाही, धातूंच्या फटीत हवा न मिळाल्यावर घट्ट होते, त्यामुळे जोडल्यानंतर चोवीस तास दाब देऊ नये. घाईच्या माणसाला हे चोवीस तास फार जातात.

बाटलीकडे मी मुद्दाम वेगळे लक्ष दिले, कारण नळीचा अपघात वळावर थांबतो, बाटलीचा तसा थांबत नाही. अमेरिकेत कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीचा व्हॉल्व बाटलीच्या मानेतून सुटून माणसे दगावल्याच्या घटना झालेल्या आहेत. बाटली मार्करमधून काढताना ती बुडातून सुटते आहे की व्हॉल्वपासूनच सुटते आहे हे नुसत्या हाताला कळत नाही. म्हणून मालकांच्या घरून लाल नेलपॉलिश आणवून प्रत्येक बाटलीवर रेग्युलेटर आणि मान यांना जोडणारी एक सरळ रेघ ओढली. फिरवताना रेघेचे दोन तुकडे झाले की हात थांबवायचा. वहिनींनी नेलपॉलिशची बाटली परत मागितली नाही, पण तिचा असा उपयोग बघून त्या फारशा खूशही दिसल्या नाहीत.

बाटली भरण्याबाबत दोन गोष्टी मला अधिक ठामपणे सांगाव्या लागल्या. गावात वेल्डिंगच्या दुकानात दाबाचे सिलिंडर असते आणि त्यातून भरून घ्यावे असे मालकांच्या पुतण्याच्या मनात आलेले होते. त्या सिलिंडरात ऑक्सिजन असतो. तेल-ग्रीसचा अंश असलेल्या व्हॉल्वमध्ये दाबाचा ऑक्सिजन शिरला तर स्फोट होऊ शकतो, त्यामुळे तो विषय तेथेच बंद केला. दुसरे म्हणजे, बाटली भरण्याच्या निपलला कोणी ‘सैल व्हावा’ म्हणून मशीनचे तेल सोडलेले दिसले. दाबाची हवा एकदम आत शिरते तेव्हा ती आवळून तापते आणि तेल पेट घेऊ शकते. ते निपल आम्ही पूर्ण पुसून कोरडे केले आणि त्या बाटलीचा वापर रेग्युलेटर तपासून घेईपर्यंत थांबवला. कार्बन डायऑक्साइडची एक जुनी बाटली कपाटात होती, ती मी वापरू दिली नाही. २१ अंशांना तिचा दाब सुमारे ८५० पीएसआय असतो, पण ३१ अंशांच्या पुढे आत द्रव उरतच नाही आणि दाब झपाट्याने चढतो. आपल्याकडे मे महिन्यात ३१ अंश म्हणजे पहाटेचा गारवा.

कागदपत्रांचा प्रश्नही निघाला. दाबाच्या सिलिंडरांवर देखरेख करणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालय नागपुरातच आहे. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे ५०० मिलिलिटरपेक्षा अधिक पाणीक्षमतेचे बंद धातूपात्र सिलिंडरच्या व्याख्येत येते. मालकांच्या ४८ घन इंचांच्या बाटल्या सुमारे ७८७ मिलिलिटरच्या आहेत, म्हणजे त्या त्यात येतात. १३ घन इंचांची छोटी बाटली सुमारे २१३ मिलिलिटरची असते, ती येत नाही. मालकांना मी एवढेच म्हटले की पाहुण्यांना पैसे घेऊन खेळ देणाऱ्याने हे अंतर माहीत करून घ्यावे आणि बाटलीवरील चाचणीची तारीख वाचायला शिकावे.

दुरुस्तीचा निर्णय घेताना आमच्यात मतभेद झाला. मिस्त्रीचे म्हणणे होते की फाटलेल्या अॅडॉप्टरमध्ये बीएसपीचा टॅप फिरवून आटे नवे पाडावेत, म्हणजे पुढे सारे फिटिंग बाजारात मिळेल. यात व्यवहार होता. पण २७च्या आट्यांवर २८चा टॅप चालवला की दोन्हींचे अर्धे-अर्धे आटे उरतात, आणि समजा धातू पुरला असता तरी त्यामुळे गॅरेजचे १० बारचे एल्बो त्या जागी बसण्याचा रस्ता कायमचा खुला झाला असता. पुढचा माणूस न विचारता तो एल्बो बसवेल. मी नकार दिला. मालकांनी त्याच मॉडेलचा नवा अॅडॉप्टर आणि मूळ धाटणीची पोलादी जाळीची नळी मागवावी असे ठरले. नवे खुंटीचे बूड मात्र ठेवले. नायलॉनची नळी पाहुण्यांच्या मार्करवर नको, हे माझे मत आजही कायम आहे. स्वतःचा मार्कर जपून वापरणाऱ्या खेळाडूला ती ठीक आहे. तो नळीचे टोक धारदार पात्याने सरळ काटतो, ओरखडलेले टोक पुन्हा सेंटिमीटरभर छाटतो आणि उन्हात ठेवत नाही. भाड्याचा मार्कर मात्र धुऱ्यावर आपटतो, पोत्यावर फेकला जातो आणि दिवसात दहा हातांत फिरतो.

माल यायला तीन आठवडे गेले. बसवण्याचे काम तासाभराचे होते. अॅडॉप्टर आणि नळीच्या आट्यांवर आधी पीच गेज लावून दोन्ही २७ असल्याची खात्री केली, सीलंट लावले, हाताने घट्ट होईपर्यंत फिरवले आणि पुढे लहान पान्ह्याने दीड फेरी घेतली. या वेळी बारा इंची पान्हा मी मुद्दाम घरीच ठेवला होता. दुसऱ्या दिवशी बाटलीच्या तोंडाची ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी गोल रबरी कडी, बदलली, बॅरलवर कापडी पिशवी चढवली, खुंटी बंद ठेवून बाटली बसवली आणि मग खुंटी हळूहळू उघडली. हवा एकदम सोडली तर ओ-रिंग चावली जाते. सांध्यांवर साबणाचे पाणी सोडून बुडबुडे पाहिले. गळती हाताने चाचपायची नाही, हे मिस्त्रीला सांगावे लागले नाही. बारीक छिद्रातून निघणारी दाबाची हवा कातडीच्या आत शिरू शकते, हे त्याला एचटीपीच्या पिचकारीवरून ठाऊक होते. अर्धा तास बुडबुडा आला नाही. शेवटी वेगमापकावर दहा गोळ्या सोडल्या. आकडा २९०च्या आसपास आला, तो वेगाचा स्क्रू फिरवून २६०वर आणला, कारण या मैदानावर शाळकरी मुले येतात.

खर्चाचा हिशेब मालकांनी स्वतः मांडला. संचातील वाया गेलेले एल्बो आणि नळी, बाजारातला एल्बो, नवा अॅडॉप्टर, नवी नळी आणि तीन आठवड्यांच्या रविवारी कमी पडलेला एक मार्कर. संच न घेता पहिल्यांदाच मूळ नळी मागवली असती तर निम्म्यात झाले असते, असे ते म्हणाले, आणि मी त्यावर काही बोललो नाही, कारण संच ‘चांगला आहे’ असे मीच सांगितले होते. मिस्त्रीने फाटका अॅडॉप्टर, दोन्ही एल्बो आणि घासलेल्या नळीचे टोक एका काचेच्या बरणीत घालून आपल्या कामाच्या फळीवर ठेवले आहे. आता त्याच्याकडे फिटिंग आणायला निघालेला पोरगा जुना तुकडा खिशात घालूनच जातो, तोंडी माप घेऊन जात नाही. मलाही त्याने दोनदा ऐकवले, “सर, सूत सांगू नका. तुकडा दाखवा.”

सहावा मार्कर अजून बंद आहे. त्याच्या बुडाचे आटे मुळातच झिजलेले आहेत आणि त्या मॉडेलचे बूड सध्या मिळत नाही. तो शेडच्या आतल्या खिळ्याला टांगलेला असून त्याच्या मुठीला सुतळीने एक पुठ्ठा बांधला आहे, ज्यावर मिस्त्रीच्या हाताने लिहिले आहे : हवा भरू नये.